टाळ्यांचा हंगाम

यंदाही दारं लागायला लागली. आमच्या सापगावच्या घराचं मागचं दार पावसाळाभर फुगून बसतं. त्याला खांदा द्यावा लागतो, आणि आई रोज त्याला चार शिव्या देते. मग एखाद्या सकाळी ते एका बोटाने सरकतं. तोवर शेतात भात पिवळं होऊन कलंडलेलं असतं, कापणीला माणसं मिळत नाहीत म्हणून घरोघर फोनाफोनी चाललेली असते, ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे दुपारच्या आत कडक होतात. माझा धाकटा भाऊ संदेश पडवीत जातो आणि खिळ्याला टांगलेलं हवेतला ओलावा मोजायचं घड्याळ बघतो. बघायची खरं तर गरज नसते. दाराने सांगितलेलं असतंच.

संदेश गिटार बनवतो. वाजवतोही, पण बनवतो जास्त. गिटारीची वरची फळी म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचं पातळ लाकूड. ओल्या हवेत ती फुगते, कोरड्या हवेत आकसते. पावसाळ्यात तिला आतून पट्ट्या चिकटवल्या तर पुढे उन्हाळ्यात ती मधोमध तडकते. म्हणून ज्यांना हे वेड आहे ते सगळे पाऊस संपायची वाट बघत बसतात, आणि हवा कोरडी झाली की त्यांच्या फोनवरच्या गटाला जाग येते. पुण्याचे, ठाण्याचे, नाशिकचे, कुठकुठले. 'सीझन सुरू!' असं कुणीतरी लिहितं, खाली फळ्यांचे फोटो पडायला लागतात. संदेश तो गट मला कौतुकाने दाखवायचा. आता दाखवत नाही. तरी मला दिसतो, कारण फोटो माझ्याच फोनवरून जायचे आणि मी अजून त्या गटात आहे. ते पहिले फोटो दिसले की माझं डोकं तापतं. तीन वर्षं झाली, तरी तापतं.

राग कशाचा, हे मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांना सांगायला गेले तर त्या म्हणतात, "अगं, कौतुकच केलं ना लोकांनी?" हो. कौतुकच केलं. त्याचाच राग आहे.

या लोकांची एक रीत आहे, आणि ती मला आधी फार आवडली होती. गिटार पुरी झाल्यावर नटवून दाखवायची नाही. पहिल्या फळीपासून सगळं मांडायचं. कुठलं लाकूड, किती जाड, कशाने चिकटवलं, कुठे चुकलं. प्रत्येक फोटोत लाकडाशेजारी पोलादी पट्टी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला माप कळतं. अडलं की विचारायचं. आणि ज्याला कळतं त्याने सांगायचं, तोंडावर, भीड न ठेवता. कुणीतरी गिटारीची अख्खी मान वाकडी बसवलेली असते आणि दुसरा लिहितो, 'काढ ती, पुन्हा बसव.' पहिला काढतो. मला शाळेत मुलांच्या वह्या तपासायची सवय, मला वाटलं, ही तर मोठ्या माणसांची शाळा, आणि एकही मास्तर नाही. संदेश इंग्रजी वाचतो, पण विचारायला लाजतो. त्यामुळे हा मराठी गट सापडला तेव्हा त्याला फार आनंद झाला. पहिल्या दिवशी त्याने जुन्या चर्चा वाचता वाचता जेवण थंड केलं.

त्या वर्षीचं लाकूड दोन ठिकाणचं. संदेश आसनगावच्या बाजूला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिथे परदेशातून मशीन आली, तिच्या खोक्याच्या फळ्या भंगारात चालल्या होत्या. पांढरं, सरळ रेघांचं, हलकं लाकूड. त्याने रीतसर विचारून दोन आणल्या. ती झाली वरची फळी. मागच्या बाजूला त्याला शिवणीचं लाकूड हवं होतं, आणि ते आमच्या मामाकडे होतं. मामाचं गाव मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या अंगाला. त्याच्या बांधावरची शिवण वादळात पडली होती, तिच्या फळ्या काढून त्याने माळ्यावर ठेवलेल्या. खाली चूल, वर फळ्या. वर्षानुवर्षं धूर खाऊन त्या वाळल्या होत्या.

आम्ही गेलो तेव्हा मामा खळं सारवून घेत होता.

"कशाला पायजे रं फली?"

"गिटार करायचीय, मामा."

"म्हंजे तुनतुनाच ना?"

"तुनतुन्याला एक तार आसते. हिला सहा."

"मंग सहा तुनतुनी कर की. यकात कशाला कोंबतो?" असं म्हणत तो शिडी लावून माळ्यावर चढला, आणि एक-एक फळी बोटाच्या पेराने ठोकून, कानाशी धरून, सगळ्यात चांगली निवडून खाली सोडली. मामी म्हणाली, "माज्या पलंगाला मागितली तवा नाय बोल्ला." मामा म्हणाला, "पलंग वाजतो का?" येताना संदेश गाडीवर मागे बसून फळी छातीशी धरून होता, आणि मी चालवत होते.

लाकडाची धूळ घरात नको म्हणून आईने त्याला मागची पडवी दिली. पडवीची जमीन शेणाने सारवलेली, कारण तिथे आई धान्य, पापड, चिंचा वाळवते. बाकी आमचं घर स्लॅबचं आहे, लाद्या आहेत, फ्रीज आहे, वडील पोस्टात होते, त्यांच्या वेळचं लोखंडी कपाट आहे. हे मी का सांगतेय? कारण फोटोत यातलं काहीच आलं नाही. फोटोत आली सारवलेली जमीन, मागची कुडाची भिंत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात कोंबडी. आणि मध्ये, पोलादी पट्टीशेजारी, ती फळी.

पहिल्या फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'वरची फळी एवढी जाड ठेवलीय. आणखी काढू का?' मी व्याकरण तपासून दिलं होतं. खाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात पडायला लागले. एकामागून एक. 'सलाम!' 'मातीशी नाळ!' 'अशा परिस्थितीतून!' एकाने आमच्या जमिनीवर चार ओळींची कविता केली. आणखी काढू का, याचं उत्तर कुणी दिलं नाही. संदेशने सगळं खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "चांगले लोक हायेत, ताई." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

मग त्याने आवाज टाकला. या लोकांत ही एक गंमत आहे. फळी एका कोपऱ्याला दोन बोटांत लटकवून धरायची, अंगठ्याने ठोकायची, आणि तो टणकार फोनमध्ये भरून सगळ्यांना ऐकवायचा. ऐकणारे सांगतात, अजून बंद वाजतेय, कडेने थोडी काढ. संदेशने ठोकलं, मी फोन धरला. तेवढ्यात कोंबडा आरवला. आम्ही तसंच पाठवलं, कारण टणकार चांगला आला होता. खाली अख्खी चर्चा कोंबड्यावर. किती गोड, किती अस्सल, शहरात हे कुठलं ऐकायला. कुणीतरी विचारलं, त्याचं नाव काय. संदेशने लिहिलं, 'नाव नाही. फळी कशी वाटते?' त्यावर तीन हसरे चेहरे आले.

आतल्या पट्ट्या चिकटवताना त्या घट्ट दाबून ठेवाव्या लागतात. बाहेरदेशी त्यासाठी एक पेटी असते. खाली फळी, वर छत, आणि दोन्हींच्या मध्ये लवचिक काठ्या वाकवून अडकवायच्या. काठी सरळ व्हायला बघते आणि पट्टी दाबली जाते. संदेशने तशीच पेटी केली आणि काठ्यांच्या जागी बांबूच्या कामट्या घातल्या. बांबू त्या कामाला फार चांगला, फुटत नाही, सारखा वाकतो. त्याने प्रत्येक कामटी वजनकाट्यावर दाबून बघितली होती, सगळ्यांचा दाब सारखा यावा म्हणून. हेही त्याने लिहिलं होतं. खाली पहिलीच कमेंट आली, 'भारीच जुगाड!' पुढचे सगळे तोच शब्द धरून बसले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने तीच पेटी बाहेरून मागवलेल्या काठ्यांची दाखवली होती. तिला कुणी जुगाड म्हटलं नाही. तिचं इंग्रजी नाव घेऊन तिचे गुण गायले.

आणि ते ठाण्याचे इंजिनिअर साहेब. बिचाऱ्या त्यांच्यावर माझा काही राग नाही, माणूस सरळ आहे. ते फ्लॅटच्या गॅलरीत गिटार करत होते. मागे कुंड्या, वॉशिंग मशीन. त्यांनी विचारलं, मानेचा कोन बरोबर वाटतो का? दुपार व्हायच्या आत त्यांच्या फोटोवर लाल रेघा मारून लोकांनी परत पाठवला. इथे उचललीय, इथे पातळ पाचर घाल, तार या उंचीला येईल. एकाने तर हिशेब करून दिला. वॉशिंग मशीनवर कुणीही कविता केली नाही. मी ती सगळी उत्तरं वाचली आणि फोन पालथा ठेवला. संदेश मात्र ती एकेक उतरवून घेत होता, कारण कोन त्यालाही बसवायचा होता.

छंद कुणाला परवडतो, असं लोक म्हणतात, पण परवडण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे, छंद कुणाला शोभतो असं लोकांना वाटतं, हा. गॅलरीतला माणूस गिटार करतो तेव्हा ती आवड असते. पडवीतला करतो तेव्हा तो संघर्ष असतो, जिद्द असते, परंपरा असते, काहीही असतं, फक्त आवड नसते. किती लोकांनी त्याला विचारलं, एक कितीला पडेल? तो म्हणायचा, विकत नाही. मग विचारायचे, मग करता कशाला? एवढं तोंडावर त्या इंजिनिअर साहेबांना कुणी विचारलं असतं का? एकाने आडून, खासगीत विचारलं, आपलं पूर्ण नाव काय. संदेशने सांगितलं. त्या माणसाने अंगठा दाखवला, आणि त्यानंतर त्याच्या बोलण्यातला 'दादा' गेला आणि 'आपल्यासारख्यांनी पुढे यायलाच हवं' आलं. पुढे? आम्ही गिटार बनवत होतो, मोर्चा नव्हतो नेत.

आई हे सगळं ऐकून एकदा म्हणाली, "तुला फोनवाल्यांनी बोललंच पायजे का? गप कर आपली." त्या वेळी ती भाताच्या पेंढ्या बांधत होती, आणि पेंढ्यांची धूळ नाकात जाऊन आम्ही तिघंही शिंकत होतो. संदेश म्हणाला, "आये, पयलीच हाये माजी. चुकली तर कलनार कसं?" एवढंच त्याला हवं होतं. त्याला कौतुक नको होतं, सहानुभूती नको होती. त्याची गिटार कुणीतरी गिटार म्हणून बघावी, आणि चूक असेल तर ती मोडायच्या आधी सांगावी, एवढं.

नाताळच्या सुट्टीत मी घरी होते, म्हणून पॉलिशचे दिवस मला नीट आठवतात. पडवीत स्पिरिटचा वास, बाहेर पावट्याच्या वेलाला शेंगा. लाखेचं पॉलिश कापडाच्या बोळ्याने द्यायचं, वाळू द्यायचं, पुन्हा द्यायचं. कामावरून आला की चहा न घेता तो पडवीत. शेवटी ती फळी अशी झाली की तीत बाबासाहेबांची तसबीर उलटी दिसायची. आता उरला ब्रिज. तारा ज्या लाकडी पट्टीला खालच्या टोकाला अडकतात ती पट्टी. सहा तारांची सगळी ओढ त्या एका पट्टीवर असते. ती फळीला नुसती चिकटवलेली असते, खिळा नाही, स्क्रू नाही.

संदेशने ब्रिजची जागा पेन्सिलने आखली, शेजारी पोलादी पट्टी ठेवली, आणि मी फोटो काढला. त्याने लिहिलं, 'उद्या ब्रिज चिकटवतोय. काही राहिलंय का? काही चुकत असेल तर आत्ताच सांगा.'

चूक त्या फोटोत होती. सबंध फळी चकचकीत होती, आणि आखलेल्या चौकोनाच्या आतही पॉलिश तसंच चमकत होतं. ते तिथून खरवडून कोरं लाकूड उघडं करावं लागतं, नाहीतर सरस पॉलिशला धरतो, लाकडाला धरतच नाही. आज ते मलासुद्धा लांबून दिसतं. पण त्याने ज्या व्हिडिओंवरून शिकून घेतलं त्यांत ती जागा आधीच कोरी असते. ती कोरी कधी केली, का केली, ते कुणी दाखवत नाही. खरवडणं बघायला कंटाळवाणं ना! त्या गटात ही गोष्ट माहीत असलेली माणसं ढिगाने होती. त्यांनी फोटो उघडला. त्यांनी जमीन बघितली, भिंत बघितली, तसबीर बघितली, पॉलिशमध्ये पडलेलं तिचं प्रतिबिंब बघितलं, आणि त्यावर तर डोळ्यांतून पाणी आलेले चेहरे टाकले. जिथे चौकोन आखला होता तिथे एकाचीही नजर गेली नाही.

तो दिवसभर कामावरून मला फोन करत होता. "कोन काय बोललं का?" मी सांगत होते, "छान म्हणतायत." संध्याकाळी तो आला, हात धुतले, आणि म्हणाला, "म्हंजे काय चुकत नाय." आणि त्याने ब्रिज चिकटवला. टाळ्यांचा अर्थ त्याने सरळ लावला होता. सरळ माणूस असाच लावणार.

तारा चढवल्या त्या दिवशी मामा आला होता. गिटार वाजली. आवाज जरा बसका होता, पण आवाज होता. खोक्याची फळी आणि चुलीवरची शिवण मिळून बोलत होत्या. मामाने मान हलवली आणि म्हणाला, "पलंग केला आसता तर वाया गेली आसती." मामी सोबत नव्हती म्हणून बोलला. संदेश काही न वाजवता नुसता एकेक तार छेडून ऐकत होता. इतका सुखी मी त्याला कधीच बघितला नव्हता.

पुढे थोड्याच दिवसांत, रविवारी दुपारी, मी आणि आई आत डाळ निवडत होतो. पडवीत बार झाल्यासारखा आवाज आला. आईला वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. मी धावले तर संदेश एका हाताने चेहरा धरून उभा, बोटांतून रक्त, आणि गिटार मांडीवरून खाली. तार लावताना त्याने कान जवळ नेला होता. ब्रिज सुटून उडाला तो सरळ भुवईवर. शहापूरला नेऊन टाके घातले. डॉक्टर म्हणाले, फटका जरा खाली बसला असता तर डोळा गेला असता. घरी आल्यावर आईने झाडू घेऊन पडवी झाडली, गिटार उचलून आत कपाटावर ठेवली, आणि मग मोठ्याने रडली.

मी म्हटलं, आता बंद कर ते फोटो पाठवणं. पण रीत म्हणजे रीत. मोडलेलंही मांडायचं. पट्टी बांधलेल्या डोक्याने त्याने उडालेला ब्रिज उलटा ठेवला, शेजारी पोलादी पट्टी, आणि मला फोटो काढायला लावला. जखमेचा नको म्हणाला. तरी एका फोटोत त्याची भुवई आली, आणि मग काय विचारता. 'हार मानू नका!' 'रक्त सांडलं कलेसाठी!' हातांचा पाऊस. का सुटला, असं त्याने विचारलं होतं. तो प्रश्न त्या पावसात वाहून गेला.

त्याच आठवड्यात मुंबईहून एक जोडी आली. प्रेरणादायी माणसांच्या गोष्टी लावणाऱ्या कुठल्याशा पानासाठी. मुलगा कॅमेरा घेऊन, मुलगी प्रश्न घेऊन. आईने खुर्च्या टाकल्या तर मुलगी म्हणाली, "नको, आपण खालीच बसूया, जमिनीवर." मग तिने पडवीतली मोटरसायकल बाहेर काढायला सांगितली. फ्रेममध्ये येत होती म्हणे.

"शर्ट बदलता का? जरा साधा घाला ना."

आई म्हणाली, "साधाच हाये तो. कंपनीचा हाये."

मुलाने विचारलं, "ही कला तुमच्याकडे वडिलोपार्जित का?"

"नाय," संदेश म्हणाला. "वडलांनी कवा खिला नाय ठोकला. पोस्टात होते. मी व्हिडिओ बगून शिकलो." आणि मग फार आशेने, "तुमच्या ओलखीत कोन गिटार बनवनारा हाये का? मला विचारायचं हाये, ब्रिज का सुटला."

मुलगी हसली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुलाला म्हणाली, "पट्टी राहू दे हां. पट्टी छान दिसतेय."

मी त्या दोघांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभत नाही, पण शोभण्याचा विषय त्या दिवशी मी सोडून दिला होता. आई तेवढं म्हणाली, "च्या घ्या आनि निंगा." त्यांनी चहाही घेतला नाही. मोटरसायकल आत आणताना संदेश मला म्हणाला, "त्यांचं काय चुकलं, ताई, त्यांना गिटारीतलं म्हाईत नाय." त्याचा हा समजूतदारपणा मला त्या दिवसांत त्या जोडीपेक्षाही जास्त टोचायचा.

कामाची कमेंट आली ती दोन दिवसांनी. रत्नागिरीच्या एक बाई, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, गटात नव्याच आलेल्या. त्यांच्या नावाखाली एकही हात नव्हता, फूल नव्हतं. लिहिलं होतं:

'गाढवा, पॉलिशवर सरस लावतात का? ब्रिजच्या पोटाला पॉलिशची साय चिकटून आलीय ती दिसत नाही? फळीचा एक तंतूही उपटलेला नाही. म्हणजे सरस लाकडापर्यंत पोचलाच नव्हता. नशीब समज, फळी वाचलीय. ब्रिज जागेवर ठेवून कडेने सुरीची रेघ मार, रेघेच्या आत सगळं खरवड, लाकूड लागेपर्यंत. बाहेर गेलास तर मार खाशील. आणि आतल्या पट्ट्या कुणी एवढ्या जाड ठेवायला सांगितल्या? आवाज बसका येत असणार. आता त्या तशाच राहू देत, पुढच्या वेळी अर्ध्या कर. तुझा आधीचा फोटो बघितला. चमक तिथे ढळढळीत दिसतेय आणि तू विचारलंही होतंस. बाकीचे काय डोळे मिटून टाळ्या वाजवत होते?'

संदेशने ती उभ्याने वाचली. मग ओरडत आत आला, "आये! ताई! बाईंनी मला गाढव बोल्लं!" त्याच्या टाक्यांना ओढ बसत होती इतका तो हसत होता. त्याने आईला ती कमेंट पहिल्यापासून वाचून दाखवली, तिला पॉलिश म्हणजे काय, साय कुठली, सगळं समजावलं. बसका येत असणार, हे त्याने तीनदा वाचलं. आवाज न ऐकता त्या बाईंनी ओळखला होता. आई म्हणाली, "कोन हाये ही? हिला जेवायला बोलव." त्याने तिथल्या तिथे गिटार कपाटावरून उतरवली, ब्रिज जागेवर धरला, सुरी शोधली. रेघ मारायच्या आधी बाईंना विचारून घेऊ म्हणाला, रेघ किती खोल. त्याने फोन पुन्हा उघडला.

कमेंट नव्हती. तिच्या जागी ॲडमिनचं निवेदन होतं. गटात सर्वांचा आदर राखला जातो, एका होतकरू ग्रामीण कारागिराबद्दल अपमानास्पद भाषा वापरल्याने कमेंट काढण्यात आली आहे, संबंधित सदस्यांना समज दिली आहे. खाली हातांची रांग लागली होती, ॲडमिनच्या संवेदनशीलतेसाठी.

मी इतकी वर्षं संदेशला ओळखते. मी त्याला चिडलेला बघितला नव्हता. भुवई फुटली तेव्हा नाही, ते दोघे आले तेव्हा नाही. त्याने निवेदन वाचलं आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो सुरी ठेवून खाली बसला आणि लिहायला लागला. नेहमी तो गटात लिहायचा ते माझ्याकडून तपासून, पुस्तकी मराठीत, नमस्कार घालून. मी सवयीने हात पुढे केला. त्याने फोन दिला नाही. घरात बोलतो तसं लिहिलं आणि पाठवून टाकलं.

'बाईंची कमेंट परत लावा. गाढव मला बोल्ल्यात, तुमाला नाय. एवढ्या दिसांत त्या यकट्यांनी माजी गिटार बगितली. ती शिवी माजी हाये, तुमी कोन पुसनारे?'